नाताळच्या चालीरीतींचें मूळ : कांहीं चमत्कारिक उपपत्ती

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, म्हणजे ठाणें, कल्याण व वसई या बाजूच्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागतात, बाळ येशूचा गोठा मांडला जातो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करंज्यांचीं व केकचीं ताटें जाऊं लागतात. याच सुमारास आणखी एक गोष्ट दरवर्षीं न चुकतां घडते. हा सण मुळांत कोणाचा, याविषयींचे जुने तर्क पुन्हां डोकें वर काढतात. कोणी त्याचें मूळ रोमच्या सूर्यपूजेंत दाखवितो, कोणी बाबिलोनांत, कोणी सैबेरियांतील मांत्रिकांच्या झोपडींत, तर कोणी थेट गोकुळांत. हे तर्क ऐकावयास रंजक असतात, आणि रंजक असतात म्हणूनच ते टिकतात. परंतु त्यांच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला असतो. सण मूळचा कोणाचा हें ठरवितांना, तो पाळणारा शेजारी मूळचा कोठला आणि त्याचा त्या सणावर हक्क किती, हेंहि नकळत ठरविलें जात असतें. म्हणून या तर्कांकडे केवळ गंमत म्हणून न पाहतां, त्यांना पुरावा काय, असें एकदां विचारणें अवश्य आहे.

हा विचार करण्यास कल्याणजवळील मोहने या गांवाइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. उल्हास नदीच्या कांठीं, आंबिवली स्थानकालगत हें गांव वसलें आहे. नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळें विसाव्या शतकांत तें नांवारूपास आलें. तो कारखाना २००९ मध्यें बंद पडला. परंतु या टापूची जुनी ओळख कारखान्याची नसून बंदराची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. घाटावरील जुन्नरचा माल नाणेघाट उतरून याच बाजूस येत असे. जेथें माल येतो तेथें माणसें येतात, आणि माणसांबरोबर त्यांचे देव व त्यांचे सण येतात.

ख्रिस्ती धर्मासंबंधीं या बाजूची एक फार जुनी साक्ष सांगतात. अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नांवाचा एक व्यापारी पुढें संन्यासी झाला. इ. स. ५५० च्या सुमारास त्यानें लिहिलेल्या ग्रंथांत 'कल्लियाना' येथें एक बिशप असून त्याची नेमणूक इराणांत होते, असें म्हटलें आहे. हें कल्लियाना म्हणजे कल्याणच, असें अनेक विद्वानांचें मत आहे. कांहीं विद्वान तें किनाऱ्यावरील दुसरें एखादें बंदर मानतात. परंतु त्याच ग्रंथांतील दुसरी नोंद प्रस्तुत विषयाला अधिक उपयोगाची आहे. जेरुसलेमचे ख्रिस्ती लोक येशूचा जन्मोत्सव २५ डिसेंबरला न करतां ६ जानेवारीला करतात, असें कॉस्मस सांगतो. म्हणजे येशूनंतर सुमारें साडेपांचशें वर्षांनीं, त्याच्या जन्मगांवापासून हाकेच्या अंतरावरील नगरांतहि, सणाची तिथि सर्वमान्य झालेली नव्हती. बायबलांत जन्माची तारीखच दिलेली नाहीं. मग मतभेद व्हावे यांत नवल तें काय?

तर मग २५ डिसेंबर आला कोठून ? सर्वांत लोकप्रिय उपपत्ति अशी आहे : रोमन सम्राट ऑरेलियन यानें इ. स. २७४ मध्यें सूर्यदेवाचें मंदिर उभारलें. २५ डिसेंबर हा 'अजिंक्य सूर्या'चा जन्मदिवस होता. आणि ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनीं तोच दिवस उचलून त्यावर येशूचें नांव घातलें. या म्हणण्याला मुळींच आधार नाहीं असें नाहीं. इ. स. ३५४ च्या एका रोमन संग्रहग्रंथांत, २५ डिसेंबर या दिवसापुढें, अजिंक्याच्या जन्माची आणि येशूच्या जन्माची अशा दोन्ही नोंदी आढळतात. परंतु दोन नोंदी एका पुस्तकांत असणें निराळें, आणि एकीनें दुसरीस जन्म देणें निराळें. सूर्याचा दिवस बुद्ध्या घेतला असें स्पष्ट सांगणारी जी प्रसिद्ध टीप पुढें केली जाते, ती बाराव्या शतकांतील सिरियन लेखकाच्या हस्तलिखितावरील आहे. म्हणजे मूळ घटनेनंतर सुमारें आठशें वर्षांची. उलट फ्रेंच विद्वान दुशेन यानें १८८९ मध्यें दुसरी उपपत्ति मांडली. येशूचा गर्भसंभव व मृत्यु एकाच तिथीला, २५ मार्चला, झाले अशी प्राचीन समजूत होती. तेथून नऊ महिने मोजले कीं २५ डिसेंबर येतो. या दोन मतांचा वाद अजून मिटलेला नाहीं. इतक्या कसून अभ्यासिलेल्या प्रश्नाची ही स्थिति, तर बाकीच्या तर्कांची काय असेल, याची कल्पना यावरून करतां येईल.

या तारखेसंबंधीं एक गोष्ट मात्र नक्की सांगतां येते, आणि ती मराठी माणसास विशेष जवळची आहे. ज्युलियस सीझरनें इ. स. पूर्व ४५ मध्यें जें पंचांग चालू केलें, त्यांत २५ डिसेंबर हा सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस मानीत. इकडे मकरसंक्रांतीचा दिवस हाहि उत्तरायणाचाच मानला जातो. परंतु खरें उत्तरायण आज २१ किंवा २२ डिसेंबरला लागतें. म्हणजे दोन्ही दिवस चुकले आहेत. दोहोंची चूक मात्र एका जातीची नाहीं. रोमन पंचांगांत लीप वर्षांच्या हिशेबांत थोडी चूक होती. १५८२ मध्यें ती सुधारतांना पंचांग सीझरच्या काळाशीं न जुळवितां चौथ्या शतकाशीं जुळविलें गेलें, आणि उत्तरायण २५ च्या मागेंच राहिलें. मकरसंक्रांत ही ताऱ्यांना धरून मोजतात. आणि अयनचलनामुळें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस, या गतीनें ती पुढें सरकत आली आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास ती खऱ्या उत्तरायणावर होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. याच अयनचलनाच्या गणितावर लोकमान्य टिळकांनीं १८९३ मध्यें 'ओरायन' ग्रंथांत वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला होता. सारांश, नाताळ आणि संक्रांत हीं दोन्ही सूर्याच्या सोडलेल्या मुक्कामावर उभीं आहेत. त्यांच्यांत साम्य आहे, पण तें उसनवारीचें नाहीं. दोन्ही लोकांच्या डोक्यावर आकाश एकच होतें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां खरोखर चमत्कारिक उपपत्तींकडे वळावें. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर हिस्लॉप यानें १८५३ मध्यें एक पुस्तिका काढली व १८५८ मध्यें तिचा मोठा ग्रंथ केला. त्याच्या मतें नाताळ हा बाबिलोनच्या राणीच्या पुत्राचा जन्मोत्सव. चुलींत जाळावयाचा ओंडका म्हणजे मृत राजा निम्रोद, आणि दुसऱ्या दिवशीं उभें राहणारें झाड म्हणजे पुन्हां जन्मलेला निम्रोद. हिस्लॉपचा रोख बाबिलोनवर नव्हता. रोमन कॅथॉलिक पंथाची उपासना ही मूर्तिपूजाच आहे, हें त्यास सिद्ध करावयाचें होतें. त्या काळीं बाणाकृति लिपीचें वाचन नुकतेंच सुरू झालें होतें. पुढें हजारों मृत्तिकालेख वाचले गेले; परंतु निम्रोद व सेमिरामिस या जोडप्याची त्याची कथा त्यांत कोठेंच सांपडली नाहीं. तरीहि ती उपपत्ति आजतागायत फिरत आहे, कारण ज्याला शेजाऱ्याच्या सणांत खोट काढावयाची आहे, त्याला ती आयती मिळते.

दुसरी उपपत्ति अळंब्याची. सांताक्लॉजचा झगा तांबडा-पांढरा. सैबेरियांतील एका विषारी अळंब्याचें छत्रहि तांबडें व वर पांढरे ठिपके. तिकडील मांत्रिक तें अळंबें खाऊन समाधि लावीत. रेनडिअरहि तें खातात. आणि मांत्रिक हिंवाळ्यांत झोपडीच्या धुराड्यांतून आंत उतरे. म्हणून सांताक्लॉज म्हणजे तो मांत्रिक, आणि उडते रेनडिअर म्हणजे त्याला झालेला भास ! या कल्पनेचा एक धागा वेदांपर्यंत पोहोंचतो. गॉर्डन वॅसन या अमेरिकन अभ्यासकानें १९६८ मध्यें वेदांतील सोम म्हणजे हेंच अळंबें, असें प्रतिपादन केलें. आणि त्यानंतर लौकरच सांताक्लॉजलाहि त्या अळंब्याशीं जोडण्यांत आलें. परंतु पारशी लोकांच्या यज्ञविधींत ज्याला हओम म्हणतात, तो आजहि एका झुडपाच्या काटक्यांपासून काढतात, अळंब्यापासून नव्हे. सांताक्लॉजचा इतिहास तर याहूनहि स्पष्ट आहे. चौथ्या शतकांतील मायरा येथील संत निकोलस हा बिशप. त्याचा सण ६ डिसेंबरला. डच लोकांची त्याच्यावर भक्ति. आणि अमेरिकेंत त्याचा झालेला कायापालट. १८२३ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील एका वृत्तपत्रांत छापलेल्या कवितेनें त्याला आठ रेनडिअर दिले. चित्रकार टॉमस नास्ट यानें १८६३ पासून त्याचें रूप ठरवीत नेलें, आणि १८६६ च्या चित्रांत त्याचा मुक्काम उत्तर ध्रुवावर हलविला. शीतपेयाच्या कंपनीनें १९३१ पासून जाहिरातींसाठीं त्याला तांबडा झगा दिला, हीहि एक दंतकथाच. तांबड्या झग्यांतील सांताक्लॉज त्यापूर्वींच चितारला गेला होता.

अशी उपपत्ति रचणें किती सोपें असतें, हें एका उदाहरणावरून दिसेल. लोकमान्यांनीं १९०३ मध्यें आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचें मत मांडलें. सांताक्लॉजहि उत्तर ध्रुवावरच राहतो. सूर्याच्या रथाला सात घोडे, याच्या गाडीला आठ हरणें. दोघेहि आकाशमार्गानें जातात. दोघांचाहि संबंध उत्तरायणाशीं. तेव्हां सांताक्लॉज म्हणजे वैदिक सूर्य, असें म्हणावयास काय हरकत आहे ? हरकत एवढीच, कीं ध्रुवावरचें घर १८६६ चें आहे आणि हरणें १८२३ चीं आहेत. दोन तारखा ठाऊक असल्या, कीं सगळा डोलारा खालीं येतो. आणि त्या ठाऊक नसल्या, तर त्याच डोलाऱ्यावर एक पुस्तक लिहून होतें.

नाताळच्या झाडाची कथा अशीच. संत बोनिफेस यानें आठव्या शतकांत जर्मनींत देवाचा म्हणून पूजिला जाणारा ओक वृक्ष तोडला, आणि तेथें सुरूसारखें एक कोंवळें झाड दिसलें. तेंच पहिलें नाताळचें झाड, असें सांगतात. त्या संताच्या जुन्या चरित्रांत ओक तोडल्याची व त्याच्या लांकडाचें प्रार्थनामंदिर बांधल्याची हकीकत आहे. त्या कोंवळ्या झाडाचें नांवहि नाहीं. दिवाणखान्यांत झाड उभें करून त्यावर कागदी गुलाब व सफरचंदें टांगण्याची स्पष्ट नोंद स्ट्रासबुर्ग नगरांतील असून ती १६०५ ची आहे. हें साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे; त्याचें कारण पुढें येईल.

आतां गोकुळाची उपपत्ति. 'ख्रिस्त' आणि 'कृष्ण' या दोन शब्दांच्या उच्चारांत साम्य; दोघांचाहि जन्म रात्रीं; दोघांच्याहि जन्मकाळीं राजाकडून बालकांची हत्या; एकाभोंवतीं गवळी, दुसऱ्याभोंवतीं मेंढपाळ. फ्रेंच लेखक व्होल्ने यानें १७९१ मध्यें यावरून ख्रिस्त हा कृष्णाचा अवतार ठरविला. आणि त्याच साम्यावरून जर्मन पंडित वेबर यानें १८६७ च्या सुमारास नेमका उलट निष्कर्ष काढला : जन्माष्टमीचा उत्सव, आणि देवकीनें बालकृष्णास पाजल्याचें चित्र, हींच ख्रिस्ती लोकांपासून घेतलेलीं आहेत ! डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या साक्षेपी पंडितासहि या साम्याचा मोह पडला. १९१३ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं अशी शक्यता सुचविली, कीं आभीर लोकांनीं बाहेरून येतांना बालदेवाची उपासना, आणि कदाचित् ख्रिस्ताचें नांवहि, आणलें असावें. आणि 'कृष्ण' या नांवाचा गोमंतकीय व बंगाली लोक 'कुष्टो', 'क्रिस्टो' असा उच्चार करतात, याकडे त्यांनीं बोट दाखविलें. पुढें गणेश दामोदर सावरकर यांनीं १९४६ च्या 'ख्रिस्तपरिचय' पुस्तकांत ख्रिस्त हा जन्मानें तमिळ हिंदु होता असें प्रतिपादिलें. आणि त्यानंतर पु. ना. ओक यांनीं ख्रिश्चॅनिटी म्हणजे 'कृष्णनीति'च, असें सांगितलें.

एकाच साम्यावरून एक पक्ष म्हणतो कृष्ण हा ख्रिस्तापासून झाला, आणि दुसरा म्हणतो ख्रिस्त हा कृष्णापासून झाला. जो पुरावा दोन्ही बाजूंनीं सारखाच साक्ष देतो, तो कोणत्याच बाजूचा साक्षीदार नव्हे. 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ 'अभिषेक केलेला', आणि तो 'मसीहा' या हिब्रू शब्दाचा तर्जुमा आहे. 'कृष्ण' म्हणजे सांवळा. या दोन अर्थांत नातें कोठेंच लागत नाहीं. वेबरच्या पक्षास उत्तर देण्यासाठीं तर मोहन्याहून फार दूर जावें लागत नाहीं. मुरबाडकडून जो जुना मार्ग वर चढतो, त्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणीचा लेख आहे, आणि त्यांत संकर्षण व वासुदेव यांस वंदन आहे. तो लेख ख्रिस्तजन्मापूर्वींचा मानला जातो. विदिशेजवळ बेसनगरच्या स्तंभावर हेलिओडोरस नांवाच्या ग्रीक वकिलानें वासुदेवाचा भक्त म्हणून आपलें नांव कोरविलें आहे, तोहि इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. भांडारकर वासुदेवाची उपासना जुनी मानीतच असत. त्यांचा तर्क गोकुळांतील बाळकृष्णापुरता होता, आणि तो त्यांनीं तर्क म्हणूनच मांडला होता. परंतु ज्या आभीरांवर त्याचा भर होता, त्यांचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यांत, म्हणजे ख्रिस्तापूर्वींच, येऊन गेला आहे. मोठ्या पंडिताचा तर्कहि तारखेपुढें नमतो, यांत त्या पंडिताला कमीपणा नाहीं. ज्यानें तारखा पाहण्याची शिस्त महाराष्ट्रास लाविली, त्याच्याच शिस्तीचा तो विजय आहे.

तर मग साम्य दिसलें असतां करावें काय ? पहिल्यानें आकाशाकडे व ऋतूकडे पाहावें. थंडीच्या ऐन रात्रींत दिवा लावावा, ओंडका पेटवावा, हें कोणत्याहि देशांतील माणसास सुचेल. नंतर स्वयंपाकघराकडे पाहावें. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंजी होते, ती नाताळ हा मूळचा दिवाळसण म्हणून नव्हे. ती करणाऱ्या बायकांच्या पणज्या, खापरपणज्या करंज्याच करीत आल्या म्हणून. दारावरच्या चांदणीचें तसेंच. ती आकाशकंदिलासारखी दिसते; पण एका जातीची नाताळची चांदणी जर्मनींतील नीस्की गांवच्या शाळेंत १८३० नंतरच्या दशकांत मुलांना भूमिति शिकवितांना तयार झाली, अशी नोंद आहे. कागद आणि काड्या हातीं आल्या, कीं दोन देशांतील मुलें एकसारखी वस्तु करूं शकतात. आणि यानंतर, सर्वांत शेवटीं, उसनवारीचा विचार करावा. आणि तोहि कोणी, कोणाकडून, केव्हां घेतलें, हें दाखवितां आलें तरच.

असें दाखवितां येण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें कोणत्याहि कल्पित उपपत्तीहून अधिक मनोवेधक आहे. संत फ्रान्सिस यानें इटलींतील ग्रेच्चो येथें १२२३ मध्यें नाताळच्या रात्रीं खराखुरा गोठा मांडला. वसई-ठाण्याच्या घरांतील गोठा त्याच परंपरेंतला. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. त्याचा अर्थ जन्म. वास्को द गामा यानें १४९७ च्या नाताळांत आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यास नाताळ नांव दिलें, तेथेंहि शब्द तोच. वसई पोर्तुगीजांकडे गेली ती १५३४ च्या डिसेंबरांत झालेल्या तहानें, आणि ती चिमाजी आप्पानें घेतली १७३९ मध्यें. या दोनशें वर्षांत धर्मांतरासाठीं सक्ति झाली, प्रलोभनें दाखविलीं गेलीं, देवळें पाडलीं गेलीं. हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पोर्तुगीज गेले आणि गोठे राहिले, हाहि त्याच इतिहासाचा भाग आहे. कोळी, भंडारी, वाडवळ, सामवेदी अशा नाना ज्ञातींतून आलेलीं तीं कुटुंबें आपली बोली, आपला पदार्थ आणि आपली शेतवाडी धरून येथेंच राहिलीं. त्यांतील पुष्कळांनीं १८८७ मध्यें ईस्ट इंडियन असें नांव घेऊन आपली संस्था स्थापिली, तरी घरांतील बोली मराठीच्याच कुळांतली राहिली.

आणि येथें स्ट्रासबुर्गच्या त्या नोंदीची आठवण करावी. नाताळच्या झाडाची ती नोंद १६०५ ची. इंग्लंडमधून आलेल्या फादर स्टीफन्स या जेझुइट साधूचें 'ख्रिस्तपुराण' गोमंतकांत छापून निघालें तें १६१६ मध्यें. त्यांत येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीछंदांत सांगितली आहे. म्हणजे युरोपांतील झाडाच्या त्या नोंदीनंतर अवघ्या अकरा वर्षांत नाताळची कथा मराठींत छापली गेली होती. सांताक्लॉजला हरणें मिळण्यापूर्वीं दोनशें वर्षें ती मराठींत म्हटली जात होती. पुढें नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्तभक्तीचीं पदें व अभंग रचले, ते याच भूमींत.

तेव्हां नाताळ आपलासा वाटावा म्हणून त्याला गोकुळांतून आणण्याची गरज नाहीं, आणि तो परका ठरावा म्हणून बाबिलोनला पाठविण्याचीहि नाहीं. सण कोठून निघाला हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शिलालेख, ग्रंथ आणि तारखा देतील, आणि जेथें त्या नसतील तेथें प्रश्न खुला ठेवणें हेंच खरें पांडित्य. सण कोणाचा, हा प्रश्न मात्र निराळा आहे. जो पिढ्यान् पिढ्या तो पाळतो, त्यासाठीं पहांटे उठतो, करंज्या तळतो आणि पहिलें ताट शेजाऱ्याकडे पाठवितो, सण त्याचा. ज्या शेजाऱ्याच्या हातीं तें ताट येतें, त्यानें करंजीचें मूळ विचारण्याआधीं ताट रिकामें परत पाठवूं नये, एवढी रीत महाराष्ट्रांतील प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि तिची उपपत्ति कोणी शोधावयास नको.